जपानच्या अजस्र तरवारी

तरवार म्हटली कीं ती कमरेला लटकणारी, एका झटक्यांत उपसतां येणारी आणि चालविणाऱ्याच्या बाहूशीं प्रमाण राखणारी असावयाची, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत घेऊन कोणी जपानांत नागोया शहरीं गेला आणि तेथील अत्सुता या पुरातन देवस्थानाचा शस्त्रसंग्रह त्यानें पाहिला, तर तो क्षणभर बुचकळ्यांत पडल्यावांचून राहणार नाहीं. तेथें 'तारो-ताची' नांवाची एक तरवार आहे. तिचें नुसतें पातेंच २२१.५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट लांब आहे, मूठ वेगळीच. सामान्य उंचीच्या माणसाशेजारीं तें पातें उभें केलें तर त्याचें टोंक माणसाच्या डोक्यावर हातभर तरी जाईल. अशी तरवार कोणीं व कशासाठीं घडविली? ती खरोखरच रणांत फिरविली गेली काय? आणि फिरविण्यास इतकी अवघड असलेली वस्तु लोकांनीं शेंकडों वर्षें जीव लावून कां जतन केली? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे जपानी लोकांचा इतिहास, त्यांची कारागिरी आणि त्यांची धर्मभावना या तिहींचा परिचय ओघानेंच घडतो.

प्रथम नांवांचा उलगडा केला पाहिजे. जपानी भाषेंत 'ताची' म्हणजे घोडेस्वारानें कमरेला दोऱ्यांनीं टांगावयाची, वांकदार पात्याची लांब तरवार. 'ओ' म्हणजे मोठी. म्हणून मोठ्या ताचीला 'ओदाची' असें म्हणतात. हिलाच 'नोदाची' असेंहि दुसरें नांव आहे. 'नो' म्हणजे रान किंवा मोकळें मैदान, तेव्हां नोदाची म्हणजे मैदानांत वापरावयाची तरवार. सर्वांच्या परिचयाची 'कताना' ती हीहून लहान व नंतरच्या काळांतली. लांबी मोजण्याचें जपानी माप 'शाकू' हें होय. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या एका फुटाच्या अगदीं जवळ. कतानाचें पातें दोन शाकूंहून अधिक असतें, बहुधा सव्वादोन ते अडीच शाकू. ज्या ताचीचें पातें तीन शाकू किंवा त्याहून जास्त भरेल तिला सामान्यतः ओदाची म्हणावें, असा संकेत आहे. तीन शाकू ही केवळ सुरुवात. पुढें पांच, सहा, सात शाकूंपर्यंत या तरवारी वाढत गेल्या.

ही वाढ एकाएकीं झाली नाहीं. जपानांतल्या अतिप्राचीन तरवारी सरळ पात्याच्या होत्या. दहाव्या शतकाच्या सुमारास घोड्यावरून लढणाऱ्या क्षत्रियांचा वर्ग, म्हणजेच सामुराई, पुढें आला आणि तरवारीला डौलदार वांक आला. धांवत्या घोड्यावरून वार करतांना वांकदार पातें अडकून न बसतां कापीत जातें. या आरंभींच्या काळांतहि एखादा समर्थ कारागीर मोठ्या मापाला हात घालीत असे. तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत बिझेन प्रांतांतील कानेहिरा याच्या हातची 'ओकानेहिरा' ही बाराव्या शतकांतील ताची आहे. तिचें पातें ८९.२ सेंटिमीटर लांब व चांगलें रुंद असूनहि वजन अवघें १.३५ किलो भरतें. भव्यपणा आणि हलकेपणा या दोन परस्परविरोधी गुणांचा असा मेळ घालणें हेंच मोठ्या तरवारीच्या कारागिराचें खरें कसब होय.

खऱ्या अर्थानें अजस्र तरवारींचें युग आलें तें चौदाव्या शतकांत. १३३६ पासून १३९२ पर्यंत जपानांत एकाच वेळीं दोन सम्राट् आणि दोन दरबार नांदत होते. एक उत्तरेकडील क्योतोंत व दुसरा दक्षिणेकडील योशिनोच्या डोंगरांत. या छप्पन्न वर्षांत देशभर लढाया चालल्या. अशा धामधुमीच्या काळांत आपलें शौर्य चारचौघांत उठून दिसावें अशी योद्ध्यांना हांव सुटते, आणि तिचें प्रतिबिंब शस्त्रांत पडतें. त्या काळाच्या 'ताइहेइकी' या बखरवजा ग्रंथांत पांच शाकूंहून लांब तरवारी घेऊन शत्रूवर चालून जाणाऱ्या वीरांचीं वर्णनें आहेत. क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत एका घोडेस्वार योद्ध्याचें जुनें चित्र आहे. त्याचे केंस विस्कटलेले आहेत आणि एक प्रचंड नंगी तरवार त्यानें खांद्यावर टाकली आहे. हें चित्र आशिकागा घराण्याचा संस्थापक ताकाउजी याचें असें पुष्कळ दिवस मानलें जाई. आतां अभ्यासक तें दुसऱ्या कोणा सरदाराचें असावें असें म्हणतात. चित्र कोणाचेंहि असो, ओदाची त्या काळीं वीरपुरुषाचें लक्षण झाली होती हें त्यावरून स्पष्ट होतें.

ही तरवार वापरली कशी जाई, हा प्रश्न साहजिक आहे. कमरेला ती लटकवितां येत नसे. लटकविली तर जमिनीवर घांसत जावयाची. म्हणून योद्धा ती खांद्यावर किंवा पाठीवर टाकी, किंवा त्याचा सेवक ती वाहून नेई. उपसण्याची तऱ्हाहि निराळी. सेवकानें म्यान घट्ट धरावयाचें आणि धन्यानें पातें ओढून काढावयाचें. घोड्यावरून खालच्या पायदळावर मोठे गोलाकार वार करणें आणि पायउतार झाल्यावर घोड्यांचे पाय छाटणें, हे तिचे मुख्य उपयोग सांगतात. परंतु फार वेळ ती फिरविणें म्हणजे हातांना शिक्षाच. साध्या कतानाचें वजन एक किलोच्या आसपास. तारो-ताची साडेचार किलोंची आहे. हा भार सांवरण्यासाठीं कित्येक योद्धे पात्याच्या मुठीकडील भागावर दोरी किंवा चामडें गुंडाळीत आणि एक हात मुठीवर व दुसरा पात्याच्या त्या भागावर ठेवून लढत. पुढें लांब मुठीचें 'नागामाकी' नांवाचें स्वतंत्र हत्यारच या युक्तींतून निघालें, असें मानतात.

या तरवारींची धास्ती समुद्रापलीकडेहि पोंचली होती. सोळाव्या शतकांत चीनच्या किनाऱ्यावर चांच्यांच्या टोळ्या धुमाकूळ घालीत. त्यांत जपानी लढवय्येहि असत आणि त्यांच्या लांब तरवारींपुढें आंखूड हत्यारांचे चिनी शिपाई टिकत नसत. ची ची-क्वांग या नामांकित चिनी सेनापतीनें १५६१ सालीं जपानी तरवारविद्येची एक पोथी हस्तगत केली, तिचा अभ्यास केला आणि आपल्या शिपायांस तशाच लांब तरवारी देऊन तयार केलें. शत्रूच्या शस्त्राची नक्कल करणें हीच त्या शस्त्राला मिळालेली सर्वांत प्रामाणिक पावती होय.

तथापि या वैभवाचा अस्तहि त्याच शतकांत जवळ आला होता. लढाईची रीत बदलली. निवडक घोडेस्वारांच्या झुंजींऐवजीं हजारों पायदळाच्या रांगा एकमेकींवर आदळूं लागल्या, आणि दाट रांगेंत सात फुटांची तरवार फिरवावयास जागाच उरली नाहीं. लांब भाले त्या कामीं अधिक सोयीचे ठरले. १५४३ सालीं एक नवें शस्त्र जपानांत उतरलें. ज्यांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी आपलें गोवें होतें, त्या पोर्तुगीजांनीं तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक आणली. जपानी लोहारांनीं थोड्याच वर्षांत तशा बंदुका हजारोंनीं घडविल्या आणि १५७५ मध्यें नागाशिनोच्या लढाईंत त्यांचा प्रभाव सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला. त्यापूर्वीं पांचच वर्षें, १५७० सालीं, आनेगावा नदीकांठीं झालेल्या लढाईंत आसाकुरा घराण्याचा सरदार माकारा जुरोझाएमोन हा प्रचंड तरवार घेऊन ओदा व तोकुगावा यांच्या फौजेवर तुटून पडला आणि लढतां लढतां मारला गेला. अत्सुता येथील तारो-ताची ती हीच, अशी परंपरा आहे. ओदाचीच्या रणजीवनांतील हें जणूं शेवटचें मोठें पर्व होय.

यानंतर या तरवारींचें काय झालें, ही कथा तिच्या रणांतील पराक्रमापेक्षांहि मननीय आहे. त्या मोडींत निघाल्या नाहींत; बहुतेक आंखूड केल्या गेल्या. पातें टोंकाकडून कापलें तर त्याचा घाट बिघडतो, म्हणून मुठीकडील बाजूनें तें कापून तेथें नवा खुंटा काढीत. या रीतीनें चौदाव्या शतकांतील शेंकडों भव्य पातीं दोन-अडीच शाकूंच्या कताना होऊन नव्या काळांतल्या सामुराईंच्या कमरेला गेलीं. सोय झाली, पण एक मोठी हानिहि झाली. कारागिराची सही आणि सालाचा आंकडा त्या खुंट्यावर कोरलेला असे. तोच तुकडा कापून टाकल्यानें पात्याचें कुलगोत्र कायमचें पुसलें गेलें. १५८८ सालीं तोयोतोमी हिदेयोशी यानें शेतकऱ्यांकडून शस्त्रें काढून घेण्याचा हुकूम सोडला. त्या लोखंडाचे खिळे क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिरास लागतील, असें कारण दिलें. पुढें तोकुगावा शासनानें सतराव्या शतकांत कमरेला बाळगावयाच्या तरवारीच्या लांबीवर मर्यादा घातली. त्यामुळें उरल्यासुरल्या लांब पात्यांवरहि कानस फिरली.

मग आज अखंड उरलेल्या ओदाची कोठें सांपडतात? बहुतांशीं देवळांत. जपानी लोकांत देवाला तरवार वाहण्याची चाल फार जुनी आहे. सैन्याचा जय व्हावा, रोगराई टळावी किंवा केलेला नवस फिटावा म्हणून सरदार व गांवकरी उत्तम तरवार देवस्थानास अर्पण करीत. देवाला द्यावयाची वस्तु माणसाच्या मापाची कशाला असावी? म्हणून ती भव्य घडवीत. एकदां देवाची झाली कीं तिला कोणी कापीत नसे, विकीत नसे आणि वापरीतहि नसे. ज्या तरवारी माणसांच्या उपयोगीं पडल्या त्या उपयोगापायींच खंडित झाल्या. ज्या उपयोगांतून सोडून दिल्या गेल्या त्याच पूर्ण राहिल्या. जुन्या वस्तूंच्या इतिहासांत हा नियम अन्यत्रहि दिसतो, पण येथें तो विशेष स्पष्ट आहे.

अशा कांहीं प्रमुख तरवारींची नोंद घेण्यासारखी आहे. सेतो या अंतर्देशीय समुद्रांतील ओमिशिमा बेटावर ओयामाझुमी हें देवस्थान शस्त्रास्त्रांच्या संग्रहाविषयीं प्रख्यात आहे. तेथें राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्य झालेल्या दोन ओदाची आहेत. एकीवर सेंजुइन परंपरेच्या नागायोशीची सही असून पातें सुमारें १३६ सेंटिमीटर आहे; दुसरी सहीविना असली तरी बुंगो प्रांतांतील तोमोयुकीची मानली जाते व ती सुमारें १८० सेंटिमीटर लांब आहे. निक्को येथील फुतारासान देवस्थानांत ओसाफुने गांवच्या तोमोमित्सूची १२६ सेंटिमीटर पात्याची ओदाची आहे. हिच्यावर आणि नागायोशीच्या तरवारीवर एकच साल कोरलेलें आहे: इसवी सन १३६६. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन देवळांतील दोन तरवारींनीं एकाच वर्षाची साक्ष द्यावी, यावरून त्या काळची आवड ध्यानांत येते. फुतारासान येथेंच 'नेनेकिरिमारू' नांवाची सुमारें २१६ सेंटिमीटरांची दुसरी तरवार आहे. डोंगरांत त्रास देणाऱ्या नेने नांवाच्या राक्षसावर ही तरवार आपण होऊन म्यानांतून उडाली व तिनें त्याचा वध केला, अशी दंतकथा आहे. ओकायामा भागांतील किबित्सू देवस्थानाकडील, पंधराव्या शतकांत नोरिमित्सूनें घडविलेली ओदाची मुठीकडील खुंट्यासह ३७७ सेंटिमीटर आणि वजनानें १४.५ किलो आहे. सर्वांवर ताण म्हणजे यामागुची भागांतील हानाओका हाचिमान देवस्थानाची 'हाजा नो ओंताची'. 'हाजा' म्हणजे दुष्टांचा नाश करणारी. ती १८५९ सालीं अर्पण करण्यासाठीं घडविली. तिची एकूण लांबी ४६५.५ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापंधरा फूट, आणि वजन ७५ किलो आहे. ती कोणा मनुष्यानें चालवावी अशी अपेक्षाच नव्हती.

गरीब लोकांनाहि या भक्तींत वांटा होता. एदो, म्हणजे आजचें तोक्यो, येथील सुतार, गवंडी व आग विझविणारे लोक दर उन्हाळ्यांत जवळच्या ओयामा डोंगरावर यात्रेस जात. पोलादी तरवार परवडत नसे म्हणून ते लांकडाची प्रचंड तरवार खांद्यावर घेऊन वाजतगाजत चढत आणि देवापुढें ठेवीत. या यात्रेचे देखावे एदोच्या रंगीत छापचित्रांतून पुष्कळ आढळतात. शस्त्राचें देवाच्या निशाणांत रूपांतर कसें होतें, याचें हें सुबोध उदाहरण होय.

आतां कारागिरीकडे वळूं. या तरवारीचें पोलाद खाणींतल्या दगडाचें नसून लोहयुक्त वाळूचें असतें. 'तातारा' नांवाच्या मातीच्या भट्टींत वाळू आणि लांकडी कोळसा यांचे थर आळीपाळीनें टाकीत तीन दिवस व तीन रात्री भाता अखंड चालवितात. शेवटीं भट्टी फोडून आंतला तापलेला गोळा बाहेर काढतात. शिमाने भागांतील ओकुइझुमो येथें १९७७ सालीं पुन्हा सुरूं केलेल्या भट्टींत एका वेळीं सुमारें दहा टन वाळू व बारा टन कोळसा लागतो आणि अडीच टनांचा गोळा निघतो. त्यांतलें निवडक पोलादच उत्तम तरवारीस योग्य ठरतें. तें तापवून, ठोकून, मध्यें दुमडून पुन्हा ठोकतात. पंधरा वेळां दुमडलें तर ३२,७६८ थर होतात. हा खटाटोप थरांच्या संख्येसाठीं नव्हे. आंतली मळी बाहेर पडावी आणि कर्ब सर्वत्र सारखा पसरावा यासाठीं असतो. त्यानंतर बाहेरून कठीण आणि आंत मऊ पोलाद घालून पातें ओढतात. त्यामुळें धार टिकते आणि पातें तुटत नाहीं.

आपल्याकडे चांगल्या तरवारीस पाणीदार म्हणतात, आणि पाणी देणें हाच या कामांतला निर्णायक क्षण होय. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप देतो. धारेकडे पातळ व पाठीकडे जाड. मग अंधाऱ्या खोलींत, पोलादाचा रंग नीट दिसावा म्हणून, तो पातें लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यांत बुडवितो. धार झट्कन थंड होऊन कठीण बनते. पाठ सावकाश निवते व लवचिक राहते. धारेचें पोलाद या वेळीं किंचित् फुगतें, त्यामुळें पात्याचा वांक आणखी वाढतो. हें सर्व दोन फुटी पात्यास साधणेंहि कठीण. सात फुटी पात्याची गोष्ट तर बोलावयासच नको. इतकें लांब पातें एकसारखें तापविण्यास लांब भट्टी हवी, बुडविण्यास लांब हौद हवा, आणि तापलेलें पातें स्वतःच्या भारानें वांकूं न देतां क्षणांत हलविण्यास अनेक माणसांचा एकविचार हवा. एका टोंकाला ताप कमी पडला किंवा धारेवर केंसाएवढी चीर गेली कीं महिन्यांचे श्रम वायां. म्हणून निर्दोष ओदाची ही तिच्या कारागिराच्या सामर्थ्याचें प्रमाणपत्रच असे.

तिच्या सौंदर्याचें मर्महि याच क्रियेंत आहे. कठीण व मऊ पोलादाच्या सीमेवर धुक्यासारखी एक शुभ्र रेषा उमटते. तिला 'हामोन' म्हणतात. ही रेषा वरून कोरलेली नसते, ती पोलादाच्या पोटांतून आलेली असते. कधीं ती सरळ असते, कधीं लाटेसारखी. बिझेनच्या कारागिरांची आवडती रेषा लवंगांच्या ओळीसारखी दिसते आणि जपानी भाषेंत तिला लवंगेचेंच नांव आहे. लहान पात्यावर ही नक्षी हातभर चालते. ओदाचीवर ती नदीसारखी लांबवर वाहत जाते आणि पाहणाऱ्याची नजर तिच्याबरोबर टोंकापर्यंत जाते. पात्याचा वांकहि मोठ्या मापांतच पुरता खुलतो. जपानी रसिक तरवारीकडे आधीं घाट, मग पोलादाचा पोत आणि शेवटीं धारेची रेषा या क्रमानें पाहतात.

पात्यावरील कोरीव कामांत मराठी वाचकांस जिव्हाळा वाटेल अशी एक गोष्ट आहे. अनेक पात्यांवर संस्कृत बीजाक्षरें कोरलेलीं असतात. बौद्ध धर्माच्या मंत्रमार्गी शाखेबरोबर आपल्याकडील सिद्धम् लिपि चीनमार्गें नवव्या शतकाच्या आरंभीं जपानांत गेली. तेथें त्या अक्षरांना 'बोंजी', म्हणजे ब्रह्माक्षरें, म्हणतात. हातीं खड्ग घेतलेल्या अचलनाथाचें 'हां' हें बीज सामुराईंस विशेष प्रिय होतें. खड्गाला वेटाळणाऱ्या नागाचें जें चित्र कोरतात त्याला 'कुरिकारा' म्हणतात; हें नांव कुलिक या नागराजावरून आलेलें मानतात. दोन समांतर पन्हळींना 'गोमाबाशी' नांव आहे, आणि त्यांतला 'गोमा' म्हणजे आपला होम. हजारों कोस दूरच्या पोलादावर हीं ओळखीचीं अक्षरें पाहिलीं म्हणजे विद्येला समुद्र अडवीत नाहीं याची खात्री पटते.

म्यान व मूठ यांवरहि तितकेंच लक्ष दिलेलें असे. मुठीवर वाघळी माशाचें खडबडीत कातडें बसवून त्यावर रेशमी फीत तिरकी गुंडाळतात, म्हणजे पकड घसरत नाहीं. म्यान हलक्या लांकडाचें. त्यावर लाखेचे अनेक थर, सोन्याची पूड आणि शिंपल्याचें जडावकाम. मूठ व पातें यांमधील चकती, जिला 'त्सुबा' म्हणतात, ती तर स्वतंत्र कलावस्तु मानली जाते.

एवढें वैभव एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत दोनदां संकटांत सांपडलें. १८७६ सालीं सरकारनें सामुराईंस तरवार बाळगण्याची बंदी केली. लोहारांवर सुऱ्या, कात्र्या घडविण्याची पाळी आली. थोडे निष्ठावंत तेवढे टिकले. १९०६ मध्यें गास्सान सादाकाझु व मियामोतो कानेनोरी या दोघांस सम्राटाच्या दरबारीं कलावंतांचा मान मिळाला, तेव्हां विद्येची ज्योत विझली नाहीं इतकेंच. दुसरें संकट अधिक भयंकर होतें. १९४५ मध्यें पराभूत जपानांतील सर्व शस्त्रें जमा करण्याचा हुकूम निघाला आणि अगणित तरवारी गोळा झाल्या. पुष्कळ नष्ट झाल्या, पुष्कळ परदेशीं गेल्या. त्या वेळीं होन्मा जुंजी या तज्ज्ञानें अमेरिकन अधिकारी कर्नल कॅडवेल यांची भेट घेऊन जुन्या हस्तनिर्मित तरवारी आणि युद्धकाळीं कारखान्यांत काढलेल्या तरवारी यांतील भेद पटवून दिला. कलेच्या दृष्टीनें मोल असलेल्या तरवारी वांचविण्यास मान्यता मिळाली. त्यांतूनच १९४८ सालीं जपानी कलात्मक तरवारींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन झाली. याच काळीं, १९४६-४७ मध्यें, जपानांत हिंदी फौजहि होती आणि तींत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. या फौजेकडे सोंपविलेल्या टापूंत ओकायामा व शिमाने हे भाग येत. म्हणजे मराठा जवान बिझेनच्या तरवारी आणि ताताराच्या पोलादाच्या मूळ भूमींतच वावरत होते.

आज जपानांत तरवार घडविण्यास सरकारी परवाना लागतो. परवानेदार लोहाराच्या हाताखालीं पांच वर्षें उमेदवारी करून परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक खऱ्या तरवारीची नोंद करावी लागते. शिकावयास पुढें येणारे तरुण मात्र थोडे. अत्सुता देवस्थानानें २०२१ सालीं तरवारींसाठीं स्वतंत्र दालन उघडलें. तेथें मोठ्या तरवारीची प्रतिकृति हातीं घेऊन तिच्या वजनाचा अनुभव पाहुण्यांस घेतां येतो.

शोभेसाठीं घरांत जपानी तरवार ठेवण्याची हौस आतां आपल्या शहरांतहि दिसते. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक वस्तु न गंजणाऱ्या पोलादाच्या अथवा मिश्रधातूच्या प्रतिकृति असतात. भिंतीवर त्या शोभतात. पण त्यांचा मुठींतला खुंटा बहुधा कमकुवत असतो, म्हणून त्या हातीं घेऊन फिरवूं नयेत. त्यांच्या धारेवरील रेषा पुष्कळदां आम्लानें किंवा घांसून काढलेली असते. प्रकाशाचा कोन बदलला तरी ती एकसारखी व निर्जीव दिसते. खरी रेषा पातें किंचित् कलतें करतांच खोल जाते व चमकते. जपानी घरांत कताना धार वर करून आणि ताची धार खालीं करून चौकटीवर ठेवतात. मूठ डावीकडे ठेवणें हें शांततेचें चिन्ह. कारण तशी ठेवलेली तरवार उजव्या हातानें चटकन उपसतां येत नाहीं. पात्याला उघड्या हातानें स्पर्श करूं नये, घामानें गंज चढतो. त्यावर तेलाचा पातळ हात फिरवितात. मात्र मुठीखालील खुंट्यावरचा काळा गंज कधींहि काढावयाचा नसतो. आपल्या घरीं पितळेचीं भांडीं चिंचेनें लखलखीत करण्याची संवय आहे; तीच येथें लावली तर तरवारीचें वय आणि कारागिराची सही यांचा पुरावाच घांसून जाईल.

सासाकी कोजिरो या तरवारबहाद्दराची एक गोष्ट जपानांत घरोघर सांगतात. त्याच्या लांब तरवारीला लोक 'मोनोहोशिझाओ', म्हणजे धुणें वाळत घालण्याची काठी, म्हणत. १६१२ सालीं एका बेटावर मियामोतो मुसाशीनें लांकडी तरवारीनें त्याचा पराभव केला. लांबी म्हणजे विजय नव्हे, हा धडा जपानी लोक या गोष्टींतून घेत आले. आणि तरीहि अजस्र तरवारी त्यांनीं टाकून दिल्या नाहींत. रणांत त्यांचें काम शे-दोनशे वर्षेंच चाललें. देवळांत त्या सहाशें वर्षें उभ्या आहेत. १९४५ सालीं एका अभ्यासकानें शस्त्र आणि कलाकृति यांतला भेद समजावून सांगितला नसता, आणि एका परक्या अधिकाऱ्यानें तो ऐकून घेतला नसता, तर आज उरलेल्या कित्येक उत्तम तरवारींचीं नुसतीं नांवें वाचावयास मिळालीं असतीं. जुनी वस्तु वांचते ती अनेकदां अशा एखाद्या जाणत्या शब्दामुळें. आपल्याहि गांवोगांवच्या देवळांत आणि वाड्यांत नांवगांव न लागलेलीं शस्त्रें धूळ खात पडलेलीं आहेत. त्यांवरील अक्षर घांसलें जाण्यापूर्वीं तें वाचून टिपून ठेवणें हें काम फार खर्चाचें नाहीं. त्याला केवळ जाणतें लक्ष हवें.